वाईन कूलर ठीक आहे हो, पण त्याचा सेन्सर धडधडीत खोटं बोलतो (पावणेदोन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू)

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांबलचक आहे. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी बघा, पाचपैकी तीन, आणि पुढे सरका. पण ज्यांच्या कूलरचा डिस्प्ले एक आकडा दाखवतोय आणि बाटली हाताला भलतीच लागतेय, त्यांनी जरा थांबा, कारण मी त्यापायी चार रविवार घालवलेत आणि शेवटी जे निघालं ते शेंगदाण्यापेक्षाही लहान होतं.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर हे पार्ट सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात, आतला बोर्ड (कूलर चालवणारं सर्किट) आणि सेन्सर (तापमान मोजणारा) बघितला तर कोणाचा कूलर कोणाचा ते ओळखू पण येणार नाही. दुसरं म्हणजे सर्व्हिसवाल्या पोराची नोकरी जायला नको, चूक त्याची एकट्याची नव्हती.

तर मशीन कसं आहे. कंप्रेसरवाला, दोन कप्प्यांचा. वरचा कप्पा व्हाईटसाठी, तो मी ८ डिग्रीवर ठेवतो, खालचा रेडसाठी, तो १४ वर. लाकडी फळ्या मस्त सरकतात, भरलेली फळी ओढली तरी वाकत नाही, दाराची काच गडद आहे म्हणजे उजेडाचा त्रास नाही, आतला एलईडी दिवा डोळ्यात जात नाही. आवाज म्हणाल तर फ्रिजपेक्षा कमी, रात्री शेजारच्या खोलीत झोपलं तर कंप्रेसर चालू झालेला कळतो पण झोप मोडत नाही. पहिलं सव्वा वर्ष एक तक्रार नाही. म्हणजे मशीन बनवणाऱ्याने विचार केलाय, हे मान्य करायला हवं. फक्त एका जागी तो विचार करायचा राहिला आणि नेमकी तीच जागा सगळ्यात महत्त्वाची.

सुरुवात कशी झाली तर बायको म्हणाली, "अहो ही वाईन प्यायची का चोखायची, दाताला कळ आली." मी डिस्प्ले बघितला, ८. म्हणलं ८ च आहे, तुलाच गार लागत असेल. (हे वाक्य नंतर मला महिनाभर ऐकवलं गेलं, ते सोडा.) पण खरंच वास येत नव्हता वाईनला. जास्त गार झाली की वास दबतो, मग बाटली कितीही चांगली असो, आंबट पाणी प्यायल्यासारखं वाटतं. अर्धा तास ग्लास बाहेर ठेवला तेव्हा कुठे चव आली. तरी मी ऐकलं नाही, कारण डिस्प्ले! लाल आकड्यात ८ लिहिलंय म्हणजे ८ च असणार ना.

इथेच सगळी गोची आहे बघा. डिस्प्लेवर दिसतं ते वाईनचं तापमान नसतं, ते सेन्सरला काय वाटतंय ते असतं. आणि कूलर त्याच सेन्सरच्या जिवावर थंड करायचं की थांबायचं हे ठरवतो. म्हणजे सेन्सर चुकला की डिस्प्ले पण त्याच चुकीत सामील, दोघं मिळून एकच खोटं बोलतात आणि तुम्हाला सगळं आलबेल दिसतं. आरोपीलाच साक्षीदार केल्यासारखं.

मग मी वेगळा थर्मामीटर आणला. साधा डिजिटल, वायरच्या टोकाला धातूची कांडी असते तो. आता एक गोष्ट जी मी आधी चुकीची केली, थर्मामीटर नुसता हवेत लटकवला. आकडा सारखा वरखाली, डोकं फिरलं. असं होणारच, कंप्रेसर चालू-बंद होताना आतली हवा तीन-चार डिग्री सहज वरखाली होते, ती काही बिघाड नाही. बाटली जड असते, तिला एवढ्या तेवढ्याने फरक पडत नाही. म्हणून एका ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात कांडी बुडवायची, ग्लास मधल्या फळीवर ठेवायचा आणि दार बंद करून दुसऱ्या दिवशीपर्यंत विसरून जायचं. पाणी बाटलीसारखंच हळूहळू गार होतं, त्यामुळे तो आकडा खरा. आणि हो, थर्मामीटरवर तरी विश्वास का ठेवायचा? त्याला आधी बर्फात घालून बघा. बर्फाचा चुरा आणि त्यात भिजेल इतपतच पाणी, ढवळायचं, पाच मिनिटांनी शून्याच्या अर्धा-एक डिग्री इकडेतिकडे दाखवायला पाहिजे. माझा ०.३ दाखवत होता, चालेल.

चोवीस तासांनी दार उघडून ग्लास बघितला. डिस्प्ले ८-९, ग्लासात २. खालच्या कप्प्यात तोच प्रयोग, डिस्प्ले १४ आणि ग्लासात १४.४. म्हणजे खालचा शहाणा, वरचा वेडा.

सर्व्हिसला फोन लावला. वॉरंटी संपून तीन महिने झाले होते, ते साहजिकच. टेक्निशियन आला, पोरगा सभ्य होता, चप्पल बाहेर काढून आत आला, डिस्प्ले बघितला, दोन बटणं एकदम दाबून रिसेट केलं, दहा मिनिटं मोबाईल बघत थांबला आणि म्हणाला, "सर, बोर्ड गेलाय." मी विचारलं सेन्सर चेक केला का, तर म्हणे, "सेन्सर गेला असता तर एरर आला असता सर, एरर नाहीये म्हणजे बोर्डच." मल्टिमीटर (वायरी-सेन्सर तपासायचा मीटर) त्याच्या बॅगेतून बाहेरसुद्धा निघाला नाही. बोर्डाचं कोटेशन मेसेजवर पाठवलं, ते बघून बायको म्हणाली एवढ्यात अर्धा कूलर येईल.

पण त्या पोराचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. मॅन्युअलमध्ये ई१, ई२ असे कोड दिलेत, प्रत्येक मॉडेलमध्ये त्यांचा अर्थ वेगळा असतो पण सेन्सरवाले कोड साधारण दोनच गोष्टींसाठी येतात, एक म्हणजे वायर तुटली आणि दुसरं म्हणजे वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या. काही मॉडेल कोडऐवजी नुसतं एचएच किंवा एलएल दाखवतात, तोही तसलाच प्रकार, आकडा त्यांच्या हद्दीबाहेर गेला एवढंच. पण सेन्सर जिवंत आहे आणि हळूहळू चुकीचं सांगायला लागलाय, याला कोडच नाही. बोर्डाला कसं कळणार? त्याच्या दृष्टीने १० डिग्री हा अगदी सभ्य आकडा आहे.

कोटेशनवर मी काहीच उत्तर दिलं नाही, म्हणलं बघू. आठवडाभरात प्रकरण वाढलं. कंप्रेसर थांबेचना. आधी चालू-बंद व्हायचा, आता रात्रंदिवस घूंऽऽ चालूच. डिस्प्ले ८ वरून ११-१२ वर गेला, सेटिंग ८ चं, म्हणजे बिचाऱ्याला वाटतंय अजून गरमच आहे, पळा पळा. एका सकाळी दार उघडलं तर पाण्याच्या ग्लासावर बर्फाची साय, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या एका बाटलीचा कॉर्क अर्धा बोट वर आलेला. साधारण १२ टक्के अल्कोहोलवाली वाईन उणे ५-६ च्या आसपास गोठायला लागते, गोठताना फुगते आणि कॉर्कला ढकलते. मागच्या भिंतीजवळ, जिथे गार हवा सुटते तिथे, तेवढं झालं असणार. बाटली फुटली नाही हे नशीब. ती त्याच संध्याकाळी संपवली, कॉर्क हलला की हवा आत जाते, मग ठेवण्यात अर्थ नाही. तळाशी पांढरे खडे दिसले, बायको घाबरली काच आहे म्हणून, पण ते टार्टरचे खडे, फार गार झालं की वाईनमधून खाली बसतात, पोटात गेले तरी काही होत नाही.

आता थोडं सेन्सरविषयी, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा, पण सोडू नका, सगळी मजा इथेच आहे.

आत जो सेन्सर असतो त्याला थर्मिस्टर म्हणतात, एनटीसी प्रकारचा. दोन वायरी आणि टोकाला प्लास्टिकचा किंवा धातूचा थेंब, बस. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, तो ओम-किलोओममध्ये मोजतात) कमी होतो, गार झाला की वाढतो. उलटं आहे, लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं निदान यावर आहे. कूलरमध्ये बहुतेक वेळा १० किलोओमवाला असतो, म्हणजे २५ डिग्रीला १० किलोओम. बोर्ड तो रेझिस्टन्स वाचतो आणि आपल्याकडच्या तक्त्यात बघून आकडा दाखवतो. आता समजा त्या थेंबाच्या आत ओल शिरली. पाण्यातून थोडा करंट गळायला लागतो, म्हणजे थर्मिस्टरला समांतर (करंटला शेजारून दुसरी वाट) अजून एक रेझिस्टन्स लागल्यासारखं होतं आणि एकूण रेझिस्टन्स कमी भरतो. कमी रेझिस्टन्स म्हणजे बोर्डाच्या लेखी गरम. मग तो थंड करत सुटतो. माझ्याकडे हेच झालं. आणि उलटं, कनेक्टरच्या पिना गंजल्या किंवा सैल झाल्या तर रेझिस्टन्स वाढतो, बोर्डाला वाटतं आत मस्त गार आहे, तो कंप्रेसर चालूच करत नाही आणि वाईन कोमट होते. म्हणजे वाईन फार गार आणि डिस्प्ले गरम सांगतोय तर ओल शिरलेला सेन्सर, वाईन कोमट आणि डिस्प्ले गार सांगतोय तर आधी कनेक्टर बघा. दोन्ही गरम, वाईन पण आणि डिस्प्ले पण, तर सेन्सर बिचारा खरं बोलतोय, तुमचा प्रॉब्लेम कूलिंगचा आहे, मागची जाळी धुळीने भरलीय का, पंखा फिरतोय का, दाराचं रबर सुटलंय का, भिंतीला चिकटवून ठेवलाय का ते बघा.

छोटे पेल्टियरवाले कूलर असतात (कंप्रेसर नसलेले, आवाज न करणारे) त्यांची गोष्ट वेगळी. ते खोलीच्या तापमानापेक्षा साधारण पंधरा-वीस डिग्रीच खाली जाऊ शकतात, खोली ३५ ला तापली तर त्यांच्याकडून ८ ची अपेक्षा करू नका आणि सेन्सरला शिव्या देऊ नका.

तर दुसऱ्या रविवारी प्लग काढला आणि कूलर ओढून मागचं खालचं पत्र्याचं कव्हर उघडलं. प्लग काढणं म्हणजे स्विच बंद करणं नव्हे, प्लग हातात आला पाहिजे. आणि काढल्यावर पण बोर्डाच्या पॉवरच्या भागाला, जिथे जाडजूड डब्यासारखा कपॅसिटर असतो, तिथे बोट लावायचं नाही, त्यात चार्ज राहतो आणि झटका चांगला बसतो. अजून एक, मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव वाचा. माझ्यात आर६००ए आहे, म्हणजे आयसोब्युटेन, जळणारा गॅस. त्यामुळे तांब्याच्या नळ्यांच्या आसपास खुपसाखुपसी, सोल्डरिंग, लायटर असले उद्योग नकोत.

बोर्डावर दोन पांढरे छोटे दोन पिनांचे कनेक्टर होते, एक वरच्या कप्प्याच्या सेन्सरचा, एक खालच्या. आणि इथे मला आयुष्यातली एक चांगली आयडिया सुचली, दोन्ही अदलाबदल करून लावले. काही विकत आणायचं नाही, काही मोजायचं नाही. झाकण लावलं, प्लग लावला, तीन-चार मिनिटं थांबलो (कंप्रेसर लगेच सुरू होत नाही, ते मुद्दाम तसं असतं, घाबरून परत परत ऑन-ऑफ करू नका) आणि बघितलं, प्रत्येक आकडा आता दुसऱ्या कप्प्यातल्या ग्लासाशी ताडायचा. आता खालच्या कप्प्याचा आकडा वेडा झाला आणि वरचा शहाणा! म्हणजे वेडेपणा वायरीबरोबर गेला, बोर्डाच्या जागेवर राहिला नाही. बोर्ड ठणठणीत. सहा मिनिटांचं काम, जे सर्व्हिसवाल्याने केलं असतं तर माझे तीन रविवार वाचले असते. फक्त अदलाबदल करून कूलर तसाच चालू ठेवू नका, प्रत्येक कप्पा दुसऱ्याच्या तापमानावर चालेल, बघून झालं की परत जिथल्या तिथे.

आता खात्री झाली होती पण मला आकडा हवा होता, स्वभाव. वरच्या कप्प्यात मागे जाळीचं छोटं कव्हर आहे, दोन स्क्रू, त्यामागे सेन्सर. त्याचा थेंब ओढून बाहेर काढला, बर्फ-पाण्याच्या ग्लासात बुडवला, मुलीला ग्लास धरून बसवलं आणि मी मागे जमिनीवर आडवा होऊन कनेक्टरवर मल्टिमीटर लावला. कनेक्टर बोर्डावरून काढूनच मोजायचं, नाहीतर बोर्डाचे रेझिस्टन्स पण त्यात मिसळतात. आणि दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरायची नाहीत, आपलं शरीर पण समांतर जोडलं जातं, मग आकडा काहीही येतो.

खराब सेन्सर, बर्फात, १६ किलोओम. तोही स्थिर नाही, १६.४, १६.१, १५.९ असा घसरत. मग खालचा चांगला सेन्सर तसाच बर्फात घातला आणि मीटरवर आलं १. नुसतं १, डावीकडे. माझ्या पोटात गोळा. म्हणलं हा पण गेला, दोन्ही गेले, बोर्ड पण गेला असेल, घर पण जाईल. पाच मिनिटं मी मागच्या धुळीत तसाच पडून होतो. मग मुलगी म्हणाली, "बाबा, ते गोल बटण २० वर आहे." मल्टिमीटरचा रेंज २० किलोओमवर होता, आणि चांगला सेन्सर शून्य डिग्रीला त्याच्या वर जातो, म्हणून मीटर 'माझ्या आवाक्याबाहेर' म्हणून १ दाखवत होता. २०० वर केला, २७.४. हा चांगला. गंमत बघा, २० च्या रेंजवर खराब सेन्सर आकडा दाखवतो आणि चांगला मेल्यासारखा दिसतो, किती जणांनी चांगले सेन्सर कचऱ्यात टाकले असतील देव जाणे.

मग दोन्ही बाहेर काढून खोलीच्या तापमानाला, तेव्हा थर्मामीटर २५ दाखवत होता, चांगला १०, खराब ८. हे लक्षात घ्या, खोलीच्या तापमानाला फरक छोटासा दिसतो. बोर्डाच्या भाषेत ८ किलोओम म्हणजे ३१ डिग्री, सहा डिग्रीची चूक. पण बर्फात तोच सेन्सर शून्याला १३ म्हणतो, तेरा डिग्रीची चूक. जितकं गार तितका थर्मिस्टरचा स्वतःचा रेझिस्टन्स मोठा, आणि तितकी ती ओलीची गळती जास्त नडते. म्हणून नुसता बाहेर मोजून 'थोडा इकडेतिकडे आहे, चालतंय' असं म्हणू नका, जिथे त्याला काम करायचंय तिथल्या थंडीतच त्याची परीक्षा घ्या.

आता नवीन सेन्सर. इथे मी अजून एक माती खाल्ली. दुकानात १० के (म्हणजे १० किलोओम) एनटीसी मागितला, मिळाला, लावला, डिस्प्ले चालू, मी खूश. दुसऱ्या दिवशी पाण्याचा ग्लास १०.५ आणि डिस्प्ले ८. अरे काय चाललंय. तर १० के हे फक्त २५ डिग्रीचं नाव आहे. त्याच्या पुढे तो किती वेगाने बदलतो हे दुसऱ्या आकड्यावर असतं, त्याला बीटा म्हणतात, बाजारात ३४३५ आणि ३९५० हे दोन फार दिसतात. २५ ला दोघं जुळे भाऊ, गार करत गेलं की वेगळे होतात. बर्फात ३४३५ वाला २७-२८ किलोओम देतो, ३९५० वाला ३२-३३. माझ्या बोर्डाला ३४३५ हवा होता, मी ३९५० लावला, रेझिस्टन्स जास्त, म्हणून बोर्डाला खऱ्या ८ ला साडेपाचच वाटत होतं आणि तो लवकर थांबत होता. म्हणजे खरेदीला जायच्या आधी चांगल्या सेन्सरची दोन मापं घ्या, एक २५ च्या आसपास, एक बर्फात, आणि तीच कागदावर लिहून न्या. एकच कप्पा असेल आणि तुलनेला चांगला सेन्सर नसेल तर पार्ट नंबर सर्व्हिसकडून काढून घ्यावा लागतो. तोही मी मागितला होता, "सर तो सेपरेट मिळत नाही" असं उत्तर आलं.

जोडणीबद्दल माझी खरी तक्रार, आणि दोनमधला एक स्टार इथेच गेला. सेन्सरची वायर मागच्या फोममध्ये गाडलेली आहे. ओढून निघत नाही. म्हणजे सेन्सर बदलायचा तर वायर आत कप्प्यातच कापायची आणि तिथेच जोड द्यायचा, जिथे कायम दमट असतं. वाईन कूलरमध्ये कॉर्क वाळू नये म्हणून ओलावा मुद्दाम राखतात, आणि त्याच ओलाव्यात यांचा सेन्सर भिजतो. सेन्सरच्या मागे वीतभर अंतरावर एक साधा प्लग दिला असता तर कोणीही दोन मिनिटांत बदलला असता. नुसती टेप गुंडाळलीत तर सहा महिन्यांत तुमचा जोड पण ओल खाऊन तीच गळती सुरू करेल, मग नवा सेन्सर पण खराब वाटेल. मी टेलिफोनच्या वायरला वापरतात ते आत जेल भरलेले छोटे कनेक्टर वापरले, पक्कडीने दाबायचे, जेल बाहेर येऊन वायर बंद होते, सोल्डरिंग नाही, आग नाही. दोन्ही जोड एकाच जागी न करता थोडे पुढेमागे केले म्हणजे एकमेकांना लागत नाहीत. कुठली वायर कुठे याचं टेन्शन नको, थर्मिस्टरला उलटसुलट नसतं. आणि सेन्सरचा थेंब परत होता त्याच क्लिपमध्ये बसवा, भिंतीला चिकटला तर भिंतीचं तापमान सांगेल, हवेचं नाही. वायर थेंबाकडून वर न जाता आधी थोडी खाली लोंबेल अशी ठेवली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी थेंबापर्यंत पोचायच्या आधीच टपकून जातं.

दुसरा स्टार सर्व्हिससाठी कापला. माणूस पाठवला, वेळेवर आला, सभ्य बोलला, सगळं खरं, पण एका सेन्सरच्या जागी अख्खा बोर्ड विकायला निघाले होते आणि तो बोर्ड लावला असता तरी बिघाड तसाच राहिला असता, हे मला पचत नाही. मग पुढे काय म्हणाले असते, कंप्रेसर? त्या पोराला कोणी शिकवलंच नाहीये हे उघड दिसत होतं. बर्फाचा ग्लास आणि मल्टिमीटर, एवढंच लागतं.

आणि बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये पण थोडी अक्कल घालता आली असती. दोन दिवस कंप्रेसर सलग चालतोय आणि सेन्सरचा आकडा खाली यायच्या ऐवजी वर चाललाय, यात काहीतरी गडबड आहे हे माझ्या मुलीला कळलं असतं. तिथे एक कोड दाखवला असता तर बाटली वाचली असती.

घ्यावा का? दोन कप्प्यांचा हवा असेल तर घ्या, मी परत घेईन का विचाराल तर हो, बहुतेक हाच, कारण मशीन म्हणून बाकी कुठे हात आखडलेला नाही. फक्त घेताना विक्रेत्याला विचारा की सेन्सर प्लगवर आहे का फोममध्ये गाडलाय, त्याला उत्तर येणार नाही पण मागचं कव्हर आणि आतली जाळी काढून दाखवायला सांगा. आणि पहिल्या आठवड्यातच, सगळं नवं कोरं असताना, दोन्ही कप्प्यांत पाण्याचा ग्लास ठेवून खरे आकडे कुठेतरी लिहून ठेवा. माझ्याकडे ते नव्हते, त्यामुळे वरचा सेन्सर नक्की कधीपासून सरकायला लागला हे मला आजही सांगता येत नाही.

आता चार महिने झालेत. वरचा डिस्प्ले ८, ग्लासात ८.३. कंप्रेसर परत चालू-बंद होतोय, त्याचा तो थांबल्यावरचा खट् आवाज ऐकून इतकं बरं वाटतं की काय सांगू. पाण्याचा ग्लास मात्र मी आत कायमचाच ठेवलाय, एका बाटलीची जागा जाते, जाऊ दे.

सर्व्हिसच्या ॲपमध्ये माझी तक्रार अजून 'चालू' दाखवतेय. गेल्या आठवड्यात फोन आला होता, "सर बोर्ड आलाय, माणूस कधी पाठवू?"